पुरातले रंगरूट

फौजेत नव्याने भरती झालेलं पोर म्हणजे रंगरूट. त्याला घडवणारा तो उस्ताद. आणि खोदणं, भरणं, उचलणं, रचणं, झाडणं अशी जी कामं कुठल्याच पदकाच्या मानपत्रात येत नाहीत, त्या सगळ्यांना मिळून फौजी लोक म्हणतात फटीक. पुरात फौजेचं जे रूप आपण टीव्हीवर बघतो त्यात हेलिकॉप्टर असतं, लोंबता दोर असतो, जवानाच्या कडेवर मूल असतं. तासांचा हिशेब मांडला तर मोठा वाटा फटिकीचाच निघतो. कॅमेऱ्याला तिथं फारसं काही सापडत नाही. म्हणून ती वहीत टिपून ठेवावी.

*

कच्च्या रंगरुटाला उधाणलेल्या पाण्यात बोट घेऊन कुणी पाठवत नाही. पुरासाठी तुकड्या आधीच नेमलेल्या असतात. त्यांना ‘फ्लड रिलीफ कॉलम’ म्हणतात. त्यात पोहणारे, बोट हाकणारे, वायरलेसवाले, वैद्यकीय मदतनीस असतात. रंगरूट असतो मागच्या फळीत. ट्रकमध्ये सामान चढव, वाळूची पोती भर, लंगरात पुऱ्यांचा डोंगर रचायला हात लाव. हे करताना तो पुढच्या फळीकडे बघत असतो, आणि दोनतीन पावसाळ्यांनंतर स्वतःच त्या फळीत उभा असतो. लष्करातलं निम्मं शिक्षण असं बघूनच होतं.

*

माण, खटाव, आटपाडी, जत. सह्याद्री ओलांडताना ढग रिकामे होतात आणि या तालुक्यांच्या वाट्याला वारा तेवढा उरतो. हलकी जमीन तिघा भावांना पोसत नाही. म्हणून एक मुंबईला माथाडीत, एक फौजेत आणि एक घरच्या रानात, अशी वाटणी इथं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. सातारा जिल्ह्यातल्या आपशिंगे गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. गावाच्या नावापुढं ‘मिलिटरी’ लागलं ते तेव्हापासून.

येरळा नदी खटावातच उगम पावते. वर्षातला बराच काळ तिच्या पात्रात वाळू आणि काठाला बाभळी. हीच येरळा पलूस तालुक्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी त्याच ब्रह्मनाळात पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि बायका-पोरं बुडाली. बोट फौजेची नव्हती, गावची होती. माणसं जास्त, लाइफ जॅकेटांचा तुटवडा, आणि मागं राहण्याची भीती. ज्या नदीच्या वरच्या अंगाला पाण्यावाचून पोरं गाव सोडतात, तिच्या मुखाशी हे झालं.

“आमच्या येरळंत पवायला शिकायचं म्हंजे आधी पाणी कुठनं आणायचं?” असं एका निवृत्त हवालदाराने मला विचारलं होतं. ते पोहायला शिकले खडकीच्या लष्करी प्रशिक्षण केंद्रात, एकोणिसाव्या वर्षी, उस्तादाच्या शिव्या खात.

*

चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदायच्या कामावर जायचा. २०१२ मध्ये तो फौजेत गेला. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे बॉम्बे इंजिनियर ग्रुपमध्ये, त्याच्या हातात वल्हं दिलं गेलं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो एकेरी नौकानयनात १३ वा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या बोटीतून सुवर्णपदक घेऊन आला. वर्तमानपत्रांनी ही जिद्दीची कहाणी म्हणून छापली, आणि ती आहेच. पण जिद्द घेऊन आलेली पोरं भरतीच्या मैदानावर हजारोंनी उभी असतात. खडकीत त्याला जे जास्तीचं मिळालं ते म्हणजे रोज पहाटे पाण्यावर उतरवणारं कुणीतरी. विहीर खोदणाऱ्याच्या पोराला पाण्याचा सराव देणारी व्यवस्था आपल्याकडे फौजेबाहेर किती ठिकाणी आहे, हे नदीकाठच्या गावांनी एकदा मोजावं.

*

वाळूचं पोतं कसं भरतात हे बघण्यासारखं आहे. आपण भरलं तर गच्च भरू, तोंड सुतळीने आवळू आणि पाठीवर मारून घेऊ. उस्ताद असं पोतं लाथेने बाजूला सारतो. गच्च पोतं गोल होतं. गोल पोत्यावर दुसरं बसत नाही, मधल्या फटीतून पाणी सुटतं. पोतं अर्ध्याहून थोडं जास्त भरायचं. तोंड बांधत बसायचं नाही, दुमडून पोत्याखालीच दाबायचं. मग पायाने चोपून चपटं करायचं. पुढच्या थरातलं पोतं खालच्या दोन पोत्यांच्या सांध्यावर यायला हवं, गवंडी विटा लावतो तसं. तळ रुंद, माथा अरुंद. दोघं भरतात, एक तोंड धरतो, बाकीचे साखळी करून हातोहात पुढं देतात. साखळीत कुणी चालायचं नाही, फक्त कमरेतून वळायचं. चालणारा माणूस अर्ध्या तासात थकतो, वळणारा रात्र काढतो.

हे सगळं जमलं तरी भिंत झिरपतेच. पोत्यांची भिंत नदी अडवत नाही. ती तास मिळवून देते. चार, सहा, कधी दहा. त्या तासांत काय करायचं हे पोतं भरणाऱ्याच्या हातात नसतं.

*

हे सगळ्यात महागात शिकलेलं शहर पुणे.

पानशेतचं मातीचं धरण जुलै १९६१ मध्ये पुरं झालेलं नव्हतं, तरी त्यात पाणी साठू दिलं गेलं. पावसाचा जोर वाढला, पाणी चढत गेलं आणि विमोचकाच्या, म्हणजे पाणी सोडायच्या वाटेच्या, वरचा भराव खचू लागला. जवानांना बोलावलं गेलं. ११ जुलैच्या रात्री, पावसात, खचणाऱ्या भरावावर ते वाळूची पोती रचत राहिले. पायाखालचा बांध बसतोय हे त्यांना कळत असणारच. जितका तो बसेल तितकी पोती वर चढवायची, एवढंच काम होतं. १२ जुलैच्या सकाळी धरण फुटलं. आंबी नदीतून तो लोंढा खडकवासल्याच्या जलाशयात आला आणि दुपारी एकोणिसाव्या शतकातलं खडकवासला धरणही गेलं. मग मुठेने पुणे गाठलं. लकडी पूल, नवा पूल पाण्याखाली. नारायण, शनिवार, कसबा या पेठांतले वाडे ढेपाळले.

आता घड्याळाचे काटे उलटे फिरवून बघा. हाच लोंढा अंधारात, पेठा झोपेत असताना आला असता तर? मृतांचा आकडा कुठल्या कुठे गेला असता. पोत्यांनी ती फूट रात्रीतून दिवसात ढकलली. जुने पुणेकर हे मानतात आणि त्यासाठी त्या जवानांचे उपकार आजही बोलून दाखवतात.

पण त्याच गोष्टीचा दुसरा भाग तेवढ्या मोकळेपणाने बोलला जात नाही. जवानांनी रात्रभर राबून जे तास कमावले, ते शहराला ठोस इशारा देण्यासाठी पुरते वापरले गेले नाहीत. लोक नदीवर पाणी बघायला गेले. कचेऱ्या, दुकानं उघडली. अफवा आणि नुसतंच ‘घाबरू नका’ यांच्यामध्ये पुणं सापडलं. पुढं चौकशी आयोग बसला. त्याचे पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती बावडेकर यांनी चौकशी अर्ध्यावर असतानाच आत्महत्या केली, आणि मग न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे काम गेलं. जबाबदारीचा हिशेब अशा वळणांनी गेला. पोती भरणाऱ्यांची नावं कुठल्या पुलावर नाहीत.

*

पानशेतनंतर घरं गेलेल्यांसाठी वसाहती उभ्या राहिल्या, तेव्हा त्यात अर्धगोल पत्र्याच्या झोपड्या होत्या. पुणेकर त्यांना ‘निसन हट’ म्हणत. हा आकार पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यातला अभियंता पीटर निसन याने १९१६ मध्ये काढला. उद्देश असा की कुशल कारागीर नसताना पाचसात जवानांनी काही तासांत छप्पर उभं करावं. पुण्यात ती घरं वर्षानुवर्षं टिकली. मुलं त्यात जन्मली, शिकली, लग्नं झाली. उन्हाळ्यात पत्रा तापायचा, पावसात बोलणं ऐकू यायचं नाही. रात्रीपुरती म्हणून दिलेली लष्करी वस्तू नागरी आयुष्यात कायमची होऊन बसते, हा आपल्याकडचा जुना रिवाज.

*

फौज आपणहून येत नाही. जिल्हाधिकारी मागणी करतो, मागणी लष्करी ठाण्याकडे जाते, मग ट्रक निघतात. आणीबाणीत हे फोनवर होतं आणि कागद मागून जातो. मागणी करताना ‘जवान पाठवा’ एवढं पुरत नाही. किती बोटी, कुठल्या रस्त्याने, पाण्याला ओढ किती, उतरायला जागा कुठे, डिझेल-पेट्रोल कोण देणार, हे सांगावं लागतं. नियम असाही आहे की नागरी यंत्रणेचं बळ अपुरं पडेल तेव्हा फौज यावी आणि काम आटोपताच माघारी जावी. २००६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभं राहिलं ते याचसाठी, की प्रत्येक वेळी छावणीचं दार ठोठावावं लागू नये. त्याची पाचवी बटालियन पुण्याजवळ आहे. तरी मोठा पूर आला की लोकांच्या तोंडी पहिला प्रश्न असतो : “मिल्ट्री आली का?”

*

फौज बोलवायला कायद्यात वाटच नसेल तर? हॅम्बुर्ग, १६ फेब्रुवारी १९६२ ची रात्र. उत्तर समुद्राच्या वादळाने एल्ब नदीचं पाणी उलटं शहरात लोटलं, बंधारे फुटले. शहराचा पोलीस खात्याचा प्रमुख होता हेल्मुट श्मिट. पुढे तो पश्चिम जर्मनीचा चान्सलर झाला. देशांतर्गत कामाला सैन्य वापरायला राज्यघटनेत तेव्हा स्पष्ट मुभा नव्हती, आणि हिटलरच्या काळानंतर जर्मनांनी ही दोरी मुद्दाम घट्ट ठेवली होती. श्मिटने घटनेचं पुस्तक उघडलं नाही. त्याने सैन्याला आणि नाटोच्या तुकड्यांनाही बोलावलं. सक्तीच्या भरतीतून आलेली विशीतली पोरं बर्फगार पाण्यात छपरांवरून माणसं काढत होती. तरीही हॅम्बुर्गमध्ये ३१५ माणसं गेली. १९६८ मध्ये घटनेत दुरुस्ती होऊन नैसर्गिक आपत्तीत सैन्य वापरण्याची वाट रीतसर मोकळी झाली.

आधी पोरं पाण्यात उतरली, मग कायदा आला. आपल्याकडं कायदा आहे, शासन निर्णय आहेत, आराखड्याची फाइल प्रत्येक तहसिलात आहे. पाण्यात उतरायची तालीम कमी आहे.

*

गणवेश आला म्हणजे सगळं शुभच, असंही नाही. एप्रिल १९२७ मध्ये मिसिसिपी नदीचा बांध ग्रीनव्हिलच्या वर फुटला. हजारो काळे शेतमजूर बांधावरच्या छावण्यांत अडकले. गोऱ्यांना बोटीतून हलवलं गेलं. काळ्यांना मळेवाल्यांच्या हट्टापायी तिथंच ठेवलं, कारण सोडलं तर मजूर परत येणार नाहीत. छावणीवर पहारा नॅशनल गार्डच्या बंदूकधाऱ्यांचा. बिल्ला असेल तर अन्न, पास असेल तर बाहेर, आणि पोती उचलायची ती सक्तीने.

तिथंही पोतंच होतं, तिथंही गणवेशच होता. हुकूम कुणाच्या भल्यासाठी सुटतो यावर सगळं ठरतं. म्हणून पुरात फौज नागरी अधिकाऱ्याच्या मागणीवरून यावी आणि त्याच्या नकाशाप्रमाणे चालावी, ही अट कितीही सरकारी वाटली तरी मोलाची आहे.

*

बोटीत बसलेल्या जवानाला नदी कळते, गल्ली कळत नाही. सांगलीच्या गावभागात किंवा शिरोळच्या एखाद्या गावात पाण्याखाली काय काय आहे हे त्याला कोण सांगणार? म्हणून २०१९ च्या पुरात बऱ्याच बोटींच्या नाळेवर गावातलंच एखादं पोर बसलेलं असायचं. हातात बांबू. “डावीकडं घ्या, हितं आडाचा कठडा हाय.” “थांबा, म्होरं तारेचं कंपाउंड हाय.” “वर बघा, वायर.” पाणी चढलं की माणूस विजेच्या तारांच्या उंचीला येतो, हे बोटीत बसेपर्यंत लक्षात येत नाही. उसाचा फड बुडालेला असेल तर पाला पंख्यात अडकून इंजिन बंद पडतं, मग वल्ही.

ते निवृत्त हवालदार सांगत होते, बोट घराला लावायची ती प्रवाहाकडे तोंड करूनच. प्रवाहाबरोबर गेलात तर बोट घराला लागत नाही, आदळते. आणि माणसं चढवायची ती एकेक, मधोमध बसवत. उभं राहू द्यायचं नाही. ब्रह्मनाळचं नाव निघालं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “बोटीला नाय म्हणायला शिकावं लागतं. काठावर रडणाऱ्या बाईला ‘पुढच्या खेपेला’ म्हणायचं आणि खरंच पुढची खेप करायची. त्याला लई सराव लागतो.”

*

गिनती. फौजेत दिवसातून दोनदा माणसं मोजतात, रांगेत उभं करून, नावानिशी. रंगरुटाला सुरुवातीला याचा वैताग येतो. कुणी कुठं पळून जाणार आहे का? पण पुरात हीच सवय कामाला येते. बोटीत बसले अकरा, उतरले अकरा. शाळेत आणले दोनशे, रात्री मोजले दोनशे.

गावाची अशी गिनती कुणाकडे असते? मतदार यादीत मेलेले असतात, रेशनकार्डात मुंबईला गेलेले. माडीवर लकवा झालेले आजोबा आहेत, मागच्या खोलीत आठवा भरलेली सून आहे, वीटभट्टीवर परप्रांतीय मजुरांची चार पालं आहेत, हे आशाताईला माहीत असतं. अंगणवाडी सेविकेला माहीत असतं. जवान आल्यावर त्यांना पहिली भेट सरपंचाची घडवतात. ती आशाताईशी घडवायला हवी.

*

“म्हस सोडून मी न्हाई यायची.”

बोट दाराशी लागलेली, पाणी उंबऱ्याच्या वर, आणि आजी चौकटीला धरून उभ्या. जवान हिमाचलचा. त्याला ‘म्हस’ कळलं नाही, आजींना ‘माताजी, चलिए’ कळलं, पण पटलं नाही. शेवटी बोटीतला दुसरा, बार्शीकडचा पोरगा, पाण्यात उतरला. कमरेएवढ्या पाण्यातून गोठ्यात गेला, म्हशीच्या गळ्यातलं दावं कापलं आणि तिला दाराबाहेर हाकलली. म्हैस पोहते; बांधलेली बुडते. ती मान वर काढून उंचवट्याकडे निघाली. मग आजी बोटीत बसल्या, पासबुकांची पिशवी पोटाशी धरून. वाटेत त्यांनी त्या पोराला गाव विचारलं, आईचं नाव विचारलं, लग्न झालं का विचारलं.

हे मला त्यांच्या नातवाने सांगितलं. यातलं दावं कापायचं काम कुठल्या पुस्तकात नसावं. ते पोरगं शेतकऱ्याघरचं होतं, एवढंच. २०१९ मध्ये खुंट्याला बांधून मेलेली जनावरं बघितलेल्या माणसाला त्या एका कापलेल्या दाव्याची किंमत कळते.

*

कोल्हापूर-सांगलीकडे जुन्या भिंतींवर पाण्याच्या खुणा असतात. २००५ ची रेघ, कुठं त्याआधीची. २०१९ ला पाणी चढत होतं तेव्हा बरीच घरं त्या रेघेच्या भरवशावर बसून राहिली. “२००५ ला हितवर आल्तं, यंदा त्येच्या म्होरं जात न्हाई.” सामान माळ्यावर टाकलं आणि माणसं दुसऱ्या मजल्यावर. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. ती ५५ फुटांवर पोचली. रेघ खोटी नव्हती, जुनी होती.

प्रयाग चिखली आणि आंबेवाडी ही पंचगंगेच्या संगमाजवळची गावं दर मोठ्या पुरात बुडतात. सोनतळीला त्यांच्यासाठी पुनर्वसनाचे भूखंड कधीचे दिलेले आहेत. पण रान इथं, गोठा इथं, देव इथं. म्हणून माणसं इथंच, आणि पूर आला की बोटी इथं. जवानांनी मिळवून दिलेले तास ‘थोडं बघू’ म्हणण्यात जातात, याला गावकऱ्यांचा अडाणीपणा म्हणणं सोपं आहे. बाहेर पडल्यावर जनावरांना वैरण कोण देणार, याचं उत्तर आधी मिळालं असतं तर कितीतरी दारं लवकर उघडली असती.

*

जुलै २०२१. २२ तारखेला चिपळूण बुडालं, त्याच दिवशी महाडजवळ तळीये गावावर दरड कोसळली. कोल्हापुरात पंचगंगा २०१९ च्याही वर गेली. लष्कराच्या दक्षिण कमांडने ‘ऑपरेशन वर्षा २१’ सुरू केलं. औंध छावणी आणि खडकीच्या बॉम्बे इंजिनियर ग्रुपमधून १५ तुकड्या रातोरात रत्नागिरी, कोल्हापूर, सांगलीकडे निघाल्या. खडकी हे मुळात प्रशिक्षण केंद्र. परेड ग्राउंडवर उजवं-डावं शिकणारी पोरं आणि बोटी लादून निघालेले ट्रक एकाच फाटकाच्या आतले.

रातोरात निघणं हे ऐकायला सोपं आहे. बोटीतली हवा तपासलेली हवी, इंजिन सुरू होतं याची खात्री हवी, दोर कुजलेला नको, सामानाची यादी भिंतीवर हवी, ड्रायव्हर ताजा हवा. यातलं काहीही त्या रात्री केलेलं नसतं. ते मार्चमध्ये, एप्रिलमध्ये, कुणाचं लक्ष नसताना, कुण्या रंगरुटाने फटिकीत केलेलं असतं.

*

सप्टेंबर २०१४ मध्ये झेलम श्रीनगरात शिरली तेव्हा बदामी बागची लष्करी छावणीसुद्धा पाण्याखाली गेली. वाचवायला निघणाऱ्यांची घरं, गोदामं बुडालेली, दळणवळण तुटलेलं. तरीही ‘मेघ राहत’ मोहिमेत माणसं बाहेर काढली गेली. जवान पुराच्या बाहेरून येतो असं आपण धरून चालतो. कित्येकदा तोही पूरग्रस्त असतो. २०१९ मध्ये बोट हाकणाऱ्या एखाद्या मराठी जवानाचं स्वतःचं घर कृष्णाकाठी पाण्यात असेल, आणि तो भलत्याच गावात भलत्याच आजींना उचलत असेल, असं नक्की घडलेलं असणार.

*

२०१९ मध्ये राखीपौर्णिमा आणि स्वातंत्र्यदिन एकाच दिवशी आले, १५ ऑगस्ट. पूरग्रस्त बायकांनी जवानांना राख्या बांधल्या. त्याआधी सांगलीकडच्या एका बाईने बोटीतच जवानांच्या पाया पडल्याची चित्रफीत देशभर फिरली. जवान अवघडून गेलेले दिसतात. काय करावं ते त्यांना कळत नाही.

त्या बाईचा भाव खराच होता, त्यावर बोलण्याचा कुणाला अधिकार नाही. मला खटकतं ते नंतरचं. ‘देवदूत’ हे शीर्षक, चौकातले फलक, त्यावर जवानांपेक्षा मोठा स्थानिक नेत्याचा फोटो. देवदूत म्हटलं की विषय संपतो. देवदूताला दोर लागत नाही, पेट्रोल लागत नाही, नकाशा लागत नाही, आणि त्याच्याकडून शिकण्यासारखंही काही नसतं. हवालदारांना मी याबद्दल छेडलं तर हसले. “देव-बिव सोडा. गेल्या वर्षी ज्यांनी आरती केली त्या गावाने यंदा बोटीचं इंजिन तरी एकदा चालू करून बघितलं का, ते विचारा.”

*

पाणी ओसरायला लागलं की फौज माघारी जाते. नियमाप्रमाणे ते बरोबरच. पण गावाचे खरे हाल तिथून सुरू होतात. गाळ ओला असेतोवर फावड्याने निघतो. एकदा वाळला की घण लागतो. कणगीतली ज्वारी फुगून चार दिवसांत आंबते, तो वास गावाच्या वेशीवरच लागतो. गाद्या, कापूस, शाळेची दप्तरं यांचे ढीग रस्त्यावर. मेलेली जनावरं पुरायला जेसीबी, मग ब्लीचिंग पावडर, लेप्टोच्या गोळ्या. या कामात आपली महाविद्यालयीन पोरं, गणपती मंडळं, तालमीची पोरं, पुण्या-मुंबईहून आलेले गट दरवेळी उतरतात आणि मनापासून राबतात. पण पहिले दोन दिवस शंभर माणसं एकाच शाळेत आणि पलीकडच्या वाडीत कुणीच नाही. खराटे तीनशे आणि फावडी सहा. एकाने काढलेला गाळ दुसऱ्याच्या गटारात.

फटिकीलाही शिस्त लागते ती इथं. कुणी, कुठल्या गल्लीत, किती वाजेपर्यंत, गाळ टाकायचा कुठं, पाणी प्यायला थांबायचं कधी. हे ठरवायला गणवेश लागत नाही.

*

मे महिन्यात नदीकाठच्या गावाने एक रविवार काढावा. बोट पाण्यात सोडून इंजिन सुरू करावं. ते सुरू होणार नाही, हे धरून मिस्त्रीला आधीच बोलावून ठेवावं. लाइफ जॅकेटं ग्रामपंचायतीच्या कपाटातून काढावीत, किल्ली कुणाकडे आहे ते त्यानिमित्ताने कळेल. अंथरुणाला खिळलेल्यांची यादी आशाताईकडून घेऊन भिंतीवर लावावी. जनावरं कुठल्या उंचवट्यावर न्यायची आणि तिथं वैरण कोण टाकणार हे नावानिशी ठरवावं. पन्नास पोती भरून बघावीत, अर्ध्याहून थोडी जास्त. गावात सुट्टीवर आलेला एखादा फौजी असतोच. त्या दिवशी त्याला खुर्चीवर बसवून नारळ देऊ नये, उस्तादाचं काम द्यावं. पोरांना शिव्या घालायची मुभाही द्यावी.

सत्कार ऑगस्टमध्ये करता येईल. त्याला हरकत नाही.